नव्या मोटारसायकलचे पहिले हजार किलोमीटर



घरी नवी फटफटी येते तो दिवस सणासारखा असतो. दिव्याला झेंडूचा हार, हँडलला लिंबू-मिरची, चाकापुढे फोडलेला नारळ, शेजारीपाजारी पेढे. आणि मग गावातला कोणी जाणकार गाडीवर टांग टाकून म्हणतो, “बघू तर खरं, किती पळते ते!” तो गाडी फाट्यापर्यंत पिटाळतो, तशीच परत आणतो आणि सर्वांना सांगतो, “झकास आहे हो गाडी!”

गाडी झकास असतेच. पण ती झकास राहील की नाही, हे बरेचसे पहिल्या हजार किलोमीटरांत ठरते. त्या हजारांतले पहिले दहा या गृहस्थांनी असे घालवले, तर त्यात मालकाचे हित नाही. आजचे भाषण याविषयी आहे.

आपल्या खेड्यापाड्यांत जी मोटारसायकल घेतली जाते ती बहुधा शंभर सी.सी.च्या आसपासची, सर्वांत कमी किमतीची असते. दोन गावांमधली शाळा सांभाळणारे गुरुजी, डेअरीला दूध घालणारा गवळी, बाजाराला भाजी नेणारा शेतकरी या सर्वांची ती आहे. स्वस्त म्हणायची ती दुसऱ्या गाड्यांच्या मानाने. घरच्या हिशेबात ती महागच असते, कारण पुष्कळ वेळा ती कर्जाच्या हप्त्यांवर येते. हप्ते फिटण्याआधीच एंजिन उघडावे लागले, तर हप्ताही भरायचा आणि मेस्त्रीचे बिलही, अशी दुहेरी कात्री लागते. मी कॉलेजात शिकवतो अर्थशास्त्र, यंत्रशास्त्र नव्हे. पण हा हिशेब समजायला यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही.

नवे यंत्र रुळवावे लागते, ही कल्पना आपल्याला नवी नाही. नवी वहाण पहिल्या दिवशी चावते. तिला तेल देऊन थोडी थोडी वापरली म्हणजे ती पायाला बसते. खोंडाला प्रथमच जू दिले की त्याच दिवशी कोणी त्याला भरल्या गाडीला जुंपत नाही. आणि जात्याचे उदाहरण तर फारच नेमके आहे. जात्याला नवी टाकी लावली की आपल्या आया-आज्या पहिले दळण खाण्याला घेत नसत. थोडे भरड-कोंडा दळून ते टाकून देत, कारण त्यात दगडाची कच येते. मग जाते स्वच्छ दळू लागे. नव्या एंजिनात हेच घडते. त्याचीही कच निघते, आणि तीही टाकून द्यावी लागते. कशी, ते पाहू.

एंजिनात एक नळी असते, तिला सिलिंडर म्हणतात. त्या नळीत एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीवर होत असतो. पिस्टनला बांगड्यांसारख्या रिंगा असतात. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटते, त्याचा दाब पिस्टनला खाली ढकलतो आणि त्या रेट्याने चाक फिरते. हा दाब पिस्टनच्या बाजूने निसटू न देणे हे रिंगांचे काम. रिंगा नळीला जितक्या घट्ट चिकटून चालतील तितकी गाडीत ताकद जास्त, आणि पेट्रोल व ऑइल यांचा खर्च कमी.

कारखान्यात सिलिंडर आतून आरशासारखा गुळगुळीत करीत नाहीत, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. त्यावर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा पाडलेल्या असतात. त्या रेघांत ऑइल धरून राहते. रेघांच्या कडा नव्या असताना किंचित उंच असतात. रिंगा त्यांवरून घासत जातात तशा त्या कडा झिजतात, रिंगाही झिजतात आणि दोन्ही एकमेकांना बसतात. यालाच आपले मेस्त्री ‘रनिंग’ म्हणतात. “गाडी अजून रनिंगमध्ये आहे” हे वाक्य तुम्ही ऐकले असेल.

हे घासणे किती असते याचा एक अंदाज देतो. शिक्षकांनी हे गणित वर्गात फळ्यावर मांडायला हरकत नाही. एका परिचित ९७.२ सी.सी. एंजिनात पिस्टनची चाल ४९.५ मिलिमीटर असते. एंजिनाच्या एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे सुमारे ९९ मिलिमीटर चालतो. वरच्या गिअरमध्ये गाडी ताशी ४० किलोमीटरने जाते तेव्हा हे एंजिन मिनिटाला सुमारे चार हजार फेरे करते. म्हणजे एका मिनिटात पिस्टनची चाल झाली सुमारे ३९६ मीटर. ताशी ४०च्या वेगाने एक किलोमीटर जायला लागते दीड मिनिट. तेव्हा गाडी एक किलोमीटर जाते, त्या वेळात पिस्टन नळीत जवळजवळ ६०० मीटर घासत गेलेला असतो. गाडी हजार किलोमीटर चालली की पिस्टन त्या पाच सेंटिमीटरांच्या नळीत ६०० किलोमीटर चाललेला असतो! एवढी घासाघीस नीट झाली तर रिंगा बसतात, वेडीवाकडी झाली तर ओरखडे पडतात.

ओरखडे का पडतात? पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम तापले की लोखंडापेक्षा जास्त फुगते. एंजिन नवे असताना पिस्टन आणि नळी यांच्यातली जागा अगदी बेताची असते. अशा वेळी गाडी पूर्ण वेगाने पिटाळली किंवा डबल सीट बसवून घाटात चढवली, तर पिस्टन फुगतो, मधली ऑइलची साय फाटते आणि धातू धातूला घासतो. फार झाले तर एंजिन जागीच जाम होते. तितके झाले नाही तरी पडलेला ओरखडा भरून येत नाही. पुढे वर्षा-दोन वर्षांनी गाडी निळसर धूर सोडू लागते, ऑइल पिऊ लागते, आणि मालक म्हणतो, “गाडीच नशिबाची निघाली नाही.” नशिबाने यात काही केलेले नसते.

आता कोणी म्हणेल, “मग गाडी अगदी गोगलगायीसारखी चालवावी!” तेही खरे नाही. रिंगांना नळीवर दाबणारा दाब हा पेट्रोल जळण्यातून येतो. एंजिनाला कामच दिले नाही, तर रिंगा पुऱ्या दाबल्या जात नाहीत आणि नीट बसत नाहीत. शिवाय वरच्या गिअरमध्ये अगदी हळू गाडी रेटली की एंजिन कण्हते, धडधडते. चढावर बैलाने मान टाकावी तसे. ते कण्हणे ऐकू आले की खालचा गिअर टाकावा. थोडक्यात, फार पिटाळू नये, फार रेंगाळू नये आणि एकाच वेगाने तासन्तास जाऊ नये. वेग थोडा वाढवावा, थोडा कमी करावा.

आकड्यांत सांगायचे तर, पहिले पाचशे किलोमीटर ढोबळ मानाने पहिल्या गिअरला ताशी १०, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला ३० आणि चौथ्याला ४० ते ४५ किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. पुढच्या पाचशेत हळूहळू वेग वाढवावा. प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे वेगळे असतात. ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेले असतात आणि तेच प्रमाण मानावेत. ही पुस्तिका बहुतेक घरांत कपाटात पडून असते. एकदा घरच्या मुलाकडून ती मोठ्याने वाचून घ्या. तासाभराचे काम आहे.

हल्लीचे कारखाने पूर्वीपेक्षा फार अचूक काम करतात, त्यामुळे पूर्वीइतका धोका राहिलेला नाही, हे खरे आहे. तरी आजही प्रत्येक कंपनी ‘रनिंग’चे नियम छापते.

सकाळी गाडी सुरू केल्यावर अर्धे-एक मिनिट तिला जागेवर सावकाश चालू द्यावे, म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचते. पण उभ्या गाडीला रेस देऊन घुमवू नये. हे एंजिन वाऱ्याने थंड होते. त्याच्यावरच्या पातळ पंखांसारख्या पट्ट्या त्यासाठीच असतात. गाडी उभी असली की वारा नसतो, आणि एंजिन उगीच तापते.

आता ‘कच’ टाकून देण्याविषयी. रिंगा आणि नळी घासून जो धातूचा बारीक चुरा निघतो तो ऑइलमध्ये उतरतो. गिअरचे दातेही नवेच असतात. त्यांचा चुरा त्याच ऑइलात. कारण मोटारसायकलमध्ये एंजिन, गिअर आणि क्लच यांना मिळून एकच ऑइल असते, आणि तेही जेमतेम लिटरभर. म्हणून पहिली सर्व्हिस लवकर सांगितलेली असते. साधारण ५०० ते ७५० किलोमीटरला, किंवा ठरावीक दिवसांत, जे आधी होईल तेव्हा. ती चुकवू नये. “फुकट सर्व्हिस आहे म्हणतात आणि ऑइलचे पैसे घेतात” अशी कुरकुर ऐकू येते. सहसा मजुरी माफ असते, ऑइल नव्हे. पण ते ऑइल बदलणे म्हणजेच पहिले दळण टाकून देणे. शिवाय ठरल्या वेळी सर्व्हिस झाली नाही, तर पुढे हमीचा दावा करताना अडचण येते. म्हणून पुस्तिकेवर शिक्का घ्या आणि पावती जपून ठेवा.

ऑइल कोणते घालावे? पुस्तिकेत सांगितले असेल तेच, चार स्ट्रोक मोटारसायकलचे. मोटारीसाठी किंवा ट्रॅक्टरसाठी आणलेले ऑइल घरात पडले आहे, म्हणून ते घालू नये. मोटारसायकलचा क्लच ऑइलात भिजलेला असतो. मोटारीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांनी क्लच घसरू लागतो. मग एंजिन ओरडते आणि गाडी पुढे जात नाही.

येथे एक जुना समज दूर केला पाहिजे. वडीलधारी मंडळी सांगतात, “नवी गाडी आहे, पेट्रोलमध्ये थोडं जास्त ऑइल टाक.” त्यांच्या काळी हा सल्ला बरोबर होता. राजदूत, येझ्दी, आणि १९७२ साली निघालेली लूना ही सारी दोन स्ट्रोकची यंत्रे. त्यांच्या एंजिनाला वंगण पेट्रोलातूनच मिळे. १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० आली, ती चार स्ट्रोकची होती, आणि पुढे रस्त्यावर त्याच जातीच्या गाड्या झाल्या. चार स्ट्रोकच्या एंजिनात ऑइल वेगळे, पेट्रोल वेगळे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळले तर प्लग काळा पडतो, धूर येतो, आणि हल्लीच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारे जे साधन असते तेही बिघडते. तेव्हा काकांचा मान राखावा, पण ऑइल टाकीत ओतू नये.

आणखी काही बदल नव्या मालकाने समजून घेतले पाहिजेत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. तेव्हापासून बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोलची फवारणी विजेच्या साहाय्याने होऊ लागली. त्यामुळे दोन सवयी मोडाव्या लागतात. पहिली, ‘रिझर्व्ह’ची. जुन्या गाडीला टाकीखाली चावी असे. पेट्रोल संपले की ती फिरवून पुढे जाता येई. नव्या गाडीत ती नसते, काट्याकडे पाहावे लागते. पेट्रोलचा पंप टाकीतच बुडलेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी नेहमी तळाला ठेवली तर पंपाचे आयुष्य कमी होते. दुसरी गोष्ट बॅटरीची. पूर्वी बॅटरी मेली तरी लाथ मारून गाडी सुरू होई. आता फवारणीलाच वीज लागते, म्हणून बॅटरी अगदी उतरली तर गाडी सुरू होणे कठीण जाते. स्टार्टरचे बटण एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये. मध्ये थोडे थांबावे.

दिव्याविषयीही सांगतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा एंजिन चालू असेपर्यंत आपोआप जळत राहतो. वाटेत लोक हाताची बोटे उघडझाप करून खुणावतात, “दिवा चालू आहे!” त्यांचे आभार मानावेत आणि पुढे जावे. तो दिवा समोरच्याला तुम्ही दिसावे म्हणून आहे.

आता ओझ्याचा प्रश्न. हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशा गाडीवर चालकासह साधारण १३० किलोपर्यंत भार चालतो. गवळीबुवांचा हिशेब पाहा. स्वतःचे वजन ६५ किलो. चाळीस लिटरचे दोन कॅन. एका कॅनमध्ये दूध सुमारे ४१ किलो, दोहोंत ८२. बेरीज झाली १४७, आणि कॅनचे व कड्यांचे वजन अजून धरलेलेच नाही! नव्या एंजिनाला हे ओझे पहिल्या दिवसापासून दिले तर ते रुळेल कसे? पहिल्या हजार किलोमीटरांत तरी लहान कॅन वापरावेत किंवा दोन फेऱ्या कराव्यात. पुढेही जड ओझे नेहमीचे असेल, तर चाकाचे आरे, मागचे शॉक आणि ब्रेक यांची तपासणी लवकर लवकर करावी. एंजिन जाम झाले तर पैसे जातात, पण ओझ्याखाली ब्रेक लागला नाही तर त्याहून मोठे काही जाते.

नव्या गाडीचे ब्रेकही रुळायचे असतात. ब्रेकचे पट्टे ड्रमला पूर्ण टेकायला काही दिवस जातात. नवा टायर बाहेरून गुळगुळीत असतो. पहिले दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार कलती करू नये, विशेषतः पहिल्या पावसात, जेव्हा रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून चिखलासारखा थर होतो. ओढ्यातून गाडी काढली किंवा धुतली की ब्रेक ओले होतात. सावकाश जात दोन-चार वेळा हलके दाबून ते वाळवावेत. आणि घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून किंवा एंजिन बंद करून गाडी कधीही सोडू नये. चढताना जो गिअर लागला असता, तोच उतरताना ठेवावा. एंजिनच गाडीला मागे ओढून धरते. ते सुटले की सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरेनासे होतात.

रोजची निगा थोडीच आहे. आठवड्यातून एकदा गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करून ऑइलची पातळी पाहा. टायरची हवा थंड टायरवर तपासा. अशा गाड्यांना सामान्यतः पुढे २५ आणि मागे २८ च्या आसपास लागते, मागे माणूस बसणार असेल तर मागची पुष्कळ वाढवावी लागते. नेमका आकडा पुस्तिकेत किंवा चेनच्या कव्हरवरच्या चिठ्ठीवर असतो. चेन मध्यावर बोटाने खालीवर करून पाहा. साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील असावी. नवी चेन सुरुवातीला लवकर सैल पडते. तिला रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसून गिअर ऑइल लावा. एंजिनातून काढलेले काळे ऑइल लावू नये. त्यात तीच कच असते.

आपल्या मातीच्या रस्त्यांवर हवेचा फिल्टर लवकर धुळीने भरतो. पूर्वीचे स्पंजाचे फिल्टर धुता येत. हल्ली पुष्कळ गाड्यांत तेल लावलेला कागदी फिल्टर असतो. तो धुवायचा नाही, हवाही मारायची नाही. वेळ झाली की बदलायचा. मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने तो पुस्तिकेतल्या मुदतीआधीच बदलावा. तापलेल्या एंजिनावर पाणी ओतू नये, आणि चाकाचा मध्य, कुलूप व सायलेन्सरचे तोंड यांवर पाण्याचा जोराचा झोत मारू नये.

पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल मिसळलेले असते, त्यातले काही आपल्याच उसाच्या कारखान्यांतून येते. इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून टाकीचे झाकण नीट लावावे, गाडी पावसात उघडी ठेवू नये, आणि भरल्या टाकीने महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. गाडीची एक वही ठेवा. टाकी तोंडापर्यंत भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहा. पुन्हा तोंडापर्यंत भराल तेव्हा किती लिटर बसले ते लिहा. गाडी २७३ किलोमीटर चालली आणि ४.२ लिटर पेट्रोल बसले, तर लिटरला ६५ किलोमीटर पडले. हा आकडा पहिल्या हजारात थोडा कमी असतो आणि पुढे सुधारतो. पुढे केव्हा तो एकदम घसरला, तर टायरची हवा, चिकटणारा ब्रेक, कोंदलेला फिल्टर किंवा ताणलेली चेन यांपैकी काही आहे असे समजावे. वैद्य नाडी पाहतो तशी ही गाडीची नाडी आहे. मुलांना सरासरी आणि भागाकार शिकवायला याहून जिवंत उदाहरण कोठे मिळणार?

शेवटी चालवणाऱ्याविषयी. मागे बसणाऱ्या बाईंचा पदर, मुलीची ओढणी, आजोबांच्या धोतराचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून साडीगार्ड असते. सामान लावायला अडते म्हणून ते काढून ठेवू नका. शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालवणाऱ्याला आणि मागच्यालाही आवश्यक आहे. आय.एस.आय. शिक्क्याचे घ्या आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधा. कोपराला अडकवलेले हेल्मेट कोपरच वाचवील. एंजिनाला नवा पिस्टन मिळतो, डोक्याला नवी कवटी मिळत नाही.

तेव्हा गाडी घरी आली की पहिला हजार आकडा उलटेपर्यंत तिची किल्ली कोणा ‘बघू किती पळते’ म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका. “गाडी रनिंगमध्ये आहे” एवढे सांगितले की पुरते. शहाणा माणूस रागावत नाही. हे हजार किलोमीटर पुष्कळांचे दीड-दोन महिन्यांत होतात. तेवढे दिवस धीर धरला, तर हप्ते फिटून गेल्यावरही ती गाडी तुमच्या घरचे दूध, भाजी आणि माणसे सुखरूप वाहत राहील.